आधी पुस्तकं, मग कायदेमंडळ: मुंबईच्या टाउन हॉलची गोष्ट

मुंबईत ‘एशियाटिकच्या पायऱ्या’ म्हटलं की वेगळा पत्ता सांगावा लागत नाही. हॉर्निमन सर्कलच्या बागेच्या पूर्वेला, तीस पायऱ्यांवर उंच चढवून ठेवलेली ती पांढरी, खांबांची इमारत. पायऱ्यांवर कुणी बसलेलं असतं, कुणी फोटो काढत असतं. सिनेमांत आणि मालिकांत ती कोर्ट म्हणूनही कितीदा तरी दिसलेली असते. शेवटची पायरी चढून दार ओलांडणारे मात्र थोडेच.

जे आत जातात त्यांना तिथे ग्रंथालय दिसतं. दर्शनी भागाचा थाट बघून त्यांचा असा समज होतो, की ही जुनी सरकारी सभेची जागा असणार, सरकार दुसरीकडे गेलं असेल आणि मोकळ्या दालनांत नंतर कपाटं लावली असतील. यात अर्धं खरं आहे. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी याच इमारतीच्या दरबार हॉलमध्ये भरली. आज महाराष्ट्राची जी विधानसभा आणि विधानपरिषद आहे, तिचं मूळ शोधत मागे गेलं तर आपण याच दालनात येऊन पोचतो.

पण क्रम मात्र उलटा आहे. पुस्तकं इथे आधी आली आणि कायदेमंडळ तीसेक वर्षांनी आलं. पुढे कायदेमंडळ गेलं, पुस्तकं राहिली. हा क्रम लक्षात ठेवला की या इमारतीचे खांब, झडपा, उंच छत आणि लाकडी जमीन यांचा अर्थ नीट लागत जातो.

सोडतीच्या पैशातून

गोष्ट सुरू होते परळला. पुढे जिथे हाफकिन संस्था आली, त्या परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये २६ नोव्हेंबर १८०४ रोजी काही इंग्रज मंडळी जमली आणि त्यांनी ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन केली. पुढाकार होता सर जेम्स मॅकिंटॉश यांचा. ते मुंबईचे रेकॉर्डर होते, म्हणजे इथल्या तेव्हाच्या कोर्टाचे मुख्य न्यायाधीश. या देशाच्या भाषा, इतिहास, धर्म, निसर्ग यांचा अभ्यास करायचा, निबंध वाचायचे आणि त्यासाठी ग्रंथ जमवायचे असा या सोसायटीचा हेतू होता. हीच पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली, १९५०च्या दशकात लंडनच्या संस्थेपासून वेगळी होऊन ‘एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ झाली आणि २००२ साली ‘एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई’. नावं बदलत गेली, संस्था तीच.

शहराला एक टाउन हॉल हवा ही कल्पना १८११च्या सुमारास निघाली. ती पुढे रेटणाऱ्यांतही मॅकिंटॉश यांचंच नाव घेतलं जातं. ज्या माणसाने ग्रंथ जमवणारी संस्था काढली, त्याच्याच भोवतीच्या वर्तुळात ही इमारतही सुचली.

‘टाउन हॉल’ या शब्दाने आज आपल्या डोळ्यांसमोर नगरपालिकेची कचेरी उभी राहते. १८११च्या मुंबईत तशी नगरपालिकाच नव्हती. टाउन हॉल म्हणजे गावाचं मोठं दिवाणखाना-घर. तिथे सभा भराव्यात, मेजवान्या आणि नाच व्हावेत, गव्हर्नरचा दरबार भरावा, थोरामोठ्यांचे पुतळे ठेवावेत आणि कडेच्या खोल्यांत विद्वान मंडळींनी आपली पुस्तकं लावावीत. आपल्याकडच्या गावाच्या चावडीत न्याय, बैठक, कीर्तन आणि पाहुण्यांची उतरण्याची सोय हे सगळं एका छपराखाली चालायचं. त्याचीच ही एक भव्य, साहेबी आवृत्ती समजा.

पैसा उभा करायला सोडत काढली गेली, म्हणजे लॉटरी. आज ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण कंपनी सरकारच्या काळात सार्वजनिक बांधकामासाठी लॉटरी काढणं रूढ होतं. कलकत्त्याचा टाउन हॉलही १८१३ साली लॉटरीच्याच पैशातून उभा राहिला. मुंबईत मात्र सोडतीने भागलं नाही. काम सुरू व्हायलाच १८२१ उजाडलं. तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर होते. पैसे संपले, काम रेंगाळलं, अखेर सरकारने उरलेला खर्च उचलला आणि त्या बदल्यात इमारतीत आपल्या कचेऱ्यांसाठी जागा घेतली. इमारत पुरी व्हायला १८३३ साल लागलं. आराखडा होता बॉम्बे इंजिनिअर्सचे कर्नल थॉमस कूपर यांचा. त्यांना ती पूर्ण झालेली पाहता आली नाही. काम चालू असतानाच ते वारले.

म्हणजे या घराला पहिल्या दिवसापासून अनेक मालक-भाडेकरू होते. जनतेच्या सोडतीचा पैसा, सरकारची खोली, सोसायटीची कपाटं. सोसायटीने १८३०च्या सुमारास आपला ग्रंथसंग्रह इथे हलवला, तेव्हा इमारत पुरती झालीही नव्हती.

खांब वाचायचे कसे

आता बागेच्या कठड्याशी उभं राहून समोर पाहू. ग्रीक धाटणीच्या वास्तुकलेत खांबांची तीन मुख्य घराणी आहेत, आणि ती ओळखायला खांबाचा फक्त माथा बघायचा असतो. माथ्यावर साधी गोल उशी आणि तिच्यावर चौकोनी पाट असेल तर ते डोरिक. दोन्ही बाजूंना गुंडाळीसारखी वळणं असतील तर आयोनिक. पानांचा गुच्छ उमललेला असेल तर कोरिंथियन. संगीतातल्या घराण्यांसारखाच यांचाही स्वभाव वेगळा असतो. डोरिक भारदस्त आणि अबोल, आयोनिक सौम्य, कोरिंथियन नटवं.

टाउन हॉलच्या दर्शनी भागात आठ डोरिक खांब आहेत, उभ्या पन्हळी कोरलेले. या पन्हळी नुसत्या शोभेच्या नाहीत. गुळगुळीत गोल खांबावर ऊन पडलं की तो लांबून सपाट दिसतो. पन्हळी असल्या की प्रत्येक कडेला एक बारीक सावलीची रेघ उमटते, आणि नजरेला खांबाची गोलाई आणि उंची दोन्ही जाणवतात. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपार कलली की या रेघा ठळक होत जातात. पाहायला जायचं तर संध्याकाळी चारच्या पुढे जावं असं मी आवर्जून सांगेन.

खांबांच्या डोक्यावर आडवी दगडी पट्टी आणि तिच्यावर बसका त्रिकोणी माथा. हा त्रिकोण म्हणजे मुळात उतरत्या छपराचं टोक. ग्रीकांची सुरुवातीची देवळं लाकडाची होती. पुढे ती दगडात बांधू लागले, पण लाकडी घराचे अवयव तसेच ठेवले. तुळयांची टोकं जिथे बाहेर दिसायची तिथे त्यांनी दगडात तीन उभ्या रेघांचे ठोकळे कोरले, आणि डोरिक घराण्याची तीच ओळख झाली. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. कार्ल्याच्या चैत्याच्या छताला खऱ्या लाकडाच्या कमानदार फासळ्या आहेत, आणि अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकांच्या लेण्यांत त्याच फासळ्या दगडातच कोरल्या आहेत. छताला त्यांचा काहीही आधार नाही. लाकडी घराची आठवण दगडाने जपायची ही सवय दोन्हीकडे सारखीच दिसते.

हे खांब इंग्लंडहून जहाजाने आणले गेले. त्यातले काही ठरवल्यापेक्षा जास्त मोठे निघाले आणि उरलेले भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला लागले अशी हकिकत मुंबईत सांगतात.

पण ग्रीकच का? १८१६ साली अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरातली शिल्पं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचली आणि इंग्लंडमध्ये ग्रीक धाटणीची लाट आली. खुद्द ब्रिटिश म्युझियमची नवी इमारत १८२३ पासून त्याच धाटणीत उभी राहू लागली. मुंबईत टाउन हॉलशेजारची टांकसाळ याच दशकातली, मेजर जॉन हॉकिन्स यांनी बांधलेली, आणि तिच्या दर्शनी खांबांचं घराणं आयोनिक आहे. दोन्ही इमारती एकाच फेरीत पाहिल्या तर डोरिक आणि आयोनिक यांतला फरक कायमचा डोळ्यांत बसतो.

यामागे दुसरंही एक कारण होतं, आणि ते सौंदर्याचं नव्हतं. पेशवाई १८१८ला संपली होती. पश्चिम हिंदुस्थानात आता कंपनीला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी उरला नव्हता. बंदरात उतरणाऱ्याला आणि किल्ल्यात वावरणाऱ्याला हे दिसलं पाहिजे होतं, आणि तीस पायऱ्यांच्या वर उभा असलेला दगडी दर्शनी भाग ते न बोलता सांगत होता. राणीचा १ नोव्हेंबर १८५८चा जाहीरनामा, ज्याने कंपनीचं राज्य संपून थेट ब्रिटिश राजसत्तेचा अंमल सुरू झाल्याचं सांगितलं, तो मुंबईत याच पायऱ्यांवरून वाचला गेला. पायऱ्या चढताना हे मला नेहमी आठवतं. ही इमारत मी प्रेमाने पाहते, पण ती सत्तेचीही पायरी होती हे विसरून पाहता येत नाही.

अथेन्सचा साचा, मुंबईचा पाऊस

ग्रीसच्या कोरड्या हवेतला साचा उचलून अरबी समुद्राच्या काठी आणला तर पहिल्याच पावसाळ्यात तो गळायला हवा. तो टिकला, कारण इंजिनिअरांनी त्यात मुंबईला सोसणारे बदल केले. मला या इमारतीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम खांबांपेक्षा इथे दिसतं.

पहिली गोष्ट, मुख्य मजला जमिनीपासून खूप वर उचलला आहे. खालचा मजला कचेऱ्यांना आणि सामानाला, वरचा माणसांना आणि पुस्तकांना. कोकणातल्या घराचं जोतं उंच का असतं, हे ज्याला माहीत आहे त्याला यामागचं कारण वेगळं सांगायला नको. ओल जमिनीतून वर चढते, आणि हा सगळा भाग तर समुद्राच्या अगदी जवळचा.

दुसरी गोष्ट खिडक्यांची. इथे झिलमिलीच्या झडपा आहेत, म्हणजे तिरप्या लाकडी पट्ट्यांच्या. पट्ट्या बाहेरच्या बाजूला खाली उतरत्या असल्याने पाण्याचे थेंब बाहेरच ओघळतात आणि वारा मात्र वर चढून आत येतो. खिडक्यांवर पुढे आलेल्या वळणदार छत्र्याही आहेत. ग्रीक देवळाला अशी छत्री कधीच नव्हती. ती खास इथल्या पावसासाठी आली. पश्चिमेचा तिरपा पाऊस आणि दुपारचं ऊन या दोघांना खांबांमागची खोल ओसरी अडवते. दालनांची छतं उंच, म्हणजे तापलेली हवा वर साचते आणि माणसाच्या डोक्याशी त्यातल्या त्यात गारवा राहतो. विजेचा पंखा यायच्या कितीतरी आधीची ही सोय आहे.

आत शिरल्यावर भाषा बदलते. बाहेरच्या अबोल डोरिकच्या जागी आत पानांच्या गुच्छाचे कोरिंथियन खांब दिसतात. बाहेर करारीपणा, आत श्रीमंती, अशी ही वाटणी आहे. मधोमध आणि जिन्याशी संगमरवरी पुतळे आहेत. एल्फिन्स्टन आणि सर जॉन माल्कम या दोन गव्हर्नरांचे पुतळे फ्रान्सिस चँट्री या त्या काळच्या नामवंत इंग्रज शिल्पकाराच्या हातचे. आणि या गव्हर्नरांच्या पंक्तीत पागोटं घातलेले जगन्नाथ शंकरशेट आहेत. नाना शंकरशेटांचा पुतळा इथे का, याचं उत्तर पुढच्या भागात आहे.

कायदेमंडळ पाहुणं म्हणून आलं

१८३३ साली इमारत पुरी झाली, आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या सनदी कायद्याने मुंबई सरकारचा स्वतःचे कायदे करण्याचा अधिकार काढून घेतला. कायदे करायचे ते कलकत्त्याला, गव्हर्नर जनरलच्या मंडळाने. मुंबई आणि मद्रासने फक्त अंमल करायचा. म्हणजे शहराला सभेची जागा मिळाली त्याच सुमारास इलाख्याचा कायदे करण्याचा हक्क गेला.

तो परत मिळाला १८६१च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने. १८५७च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना कळून चुकलं होतं, की इथल्या लोकांचं काही ऐकूनच घ्यायचं नाही हे धोक्याचं आहे. या कायद्याने गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात कायदे करण्यापुरते ॲडव्होकेट जनरल आणि चार ते आठ जादा सभासद घेण्याची तरतूद केली. या जादा सभासदांपैकी निम्मे तरी सरकारी नोकर नसलेले हवेत अशी अट होती.

आजच्या विधिमंडळाशी त्याची तुलना करायची तर फार जपून करावी लागते. निवडणूक नव्हती; सगळे गव्हर्नरने नेमलेले. प्रश्न विचारायचा अधिकार नव्हता. अंदाजपत्रकावर बोलायचं नाही. समोर ठेवलेल्या मसुद्यावरच काय ते बोलायचं. प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर चर्चेची मुभा मिळायला १८९२ साल उजाडलं, तीही बऱ्याच अटींसह. तरीही १८६२च्या जानेवारीत गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली दरबार हॉलमध्ये जे मंडळ बसलं, त्यात नेमलेले हिंदी गृहस्थ होते, आणि जगन्नाथ शंकरशेट हे त्यांच्यातलं ठळक नाव. मुंबईतल्या शिक्षणापासून रेल्वेपर्यंत अनेक गोष्टींत त्यांचा हात होता. राज्यकर्त्यांसमोर कायद्याच्या मसुद्यावर बोलण्याचा अधिकार हिंदी माणसाला मिळाला, तो या छताखाली.

कायदेमंडळाने इथे मुक्काम ठोकला नाही. पावसाळ्यात गव्हर्नर पुण्याला जायचे, आणि पुण्यातला कौन्सिल हॉल १८७० साली पुरा झाला. पुढे सभासद वाढत गेले, निवडणुका आल्या, जागा अपुरी पडू लागली. १९२८ साली अपोलो बंदरजवळच्या ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ या खलाशांच्या जुन्या वसतिगृहाचं कौन्सिल हॉलमध्ये रूपांतर झालं. संयुक्त महाराष्ट्रानंतरची विधानसभाही तिथेच भरे. १९८१ साली नरिमन पॉइंटचं विधानभवन झालं, आणि खलाशांचं ते घर पोलिस मुख्यालयाकडे गेलं. एका इमारतीच्या वाट्याला खलाशी, आमदार आणि पोलिस असे तीन जन्म आले. टाउन हॉलच्या वाट्याला मात्र तसं झालं नाही. तिथली पुस्तकं कधी हललीच नाहीत.

बोलण्याच्या दालनात वाचायचं

सभेसाठी बांधलेली जागा ग्रंथालयाला चालते का? जगभर जुन्या सभागृहांची, कोर्टांची, कचेऱ्यांची ग्रंथालयं झालेली आहेत, त्यामुळे हा प्रश्न सगळीकडेच पडतो. उत्तर तीन गोष्टींत आहे: वजन, आवाज आणि हवा.

वजनाचा हिशेब सोपा आहे. एक मीटर लांबीच्या फळीवर उभ्या लावलेल्या पुस्तकांचं वजन साधारण २५ ते ३५ किलो भरतं. दोन्ही बाजूंनी सात-सात फळ्या असलेलं एक मीटर लांबीचं कपाट घेतलं तर चौदा फळ्या, म्हणजे चारशे किलोंच्या पुढे. आणि ते टेकलेलं असतं जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर. तेवढ्या जागेत सहा मोठी माणसं एकमेकांच्या खांद्यांवर उभी करून वर्षानुवर्षं तशीच ठेवल्यासारखं हे आहे. साध्या घराची जमीन याखाली वाकेल. सभागृहाची जमीन मात्र मुळातच दाटीवाटीने उभ्या राहणाऱ्या, नाचणाऱ्या गर्दीसाठी बांधलेली असते. आजच्या भारतीय मानकांतही घराच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त भार तिच्यासाठी धरतात. म्हणून जुनी सभागृहं पुस्तकांचं ओझं त्यातल्या त्यात बरं पेलतात. तरी जड कपाटं भिंतीलगत लावायची आणि दालनाचा मध्य टेबलांसाठी मोकळा ठेवायचा, हा जुन्या वाचनालयांचा शिरस्ता नुसता दिसायला छान म्हणून पडलेला नाही. तुळई भिंतीजवळ जितका भार घेते तितका मध्यावर घेत नाही.

आवाजाचं उलट आहे. उंच छत, दगड, गिलावा, संगमरवर हे सगळे आवाज परतवणारे. माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. मोठ्या कडक दालनात प्रत्येक अक्षराचा नाद दोन-तीन सेकंद घुमत राहिला, तर दहा-बारा अक्षरं एकमेकांवर चढतात आणि नुसता गलका ऐकू येतो. भाषणाच्या दृष्टीने हा दोषच. आता त्याच दालनात भिंतीभर पुस्तकं लावा. कागद मऊ, पुस्तकांचे कणे पुढेमागे, मध्ये फटी. आवाज त्यांत शिरतो, मोडतो, विरतो. ग्रंथालयातली शांतता फक्त ‘शांतता राखा’च्या पाटीने येत नाही, निम्मं काम पुस्तकं स्वतः करतात.

खरी अडचण हवेची. झिलमिलीतून येणारा जो दमट वारा माणसाला सुखाचा, तोच कागदाला मारक. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली की बुरशी धरू लागते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती महिनोन्‌महिने याच्या वर असते. बुरशीच्या मागोमाग कसर येते, वाळवी येते. म्हणजे इमारत ज्या गुणांमुळे माणसांसाठी चांगली, त्याच गुणांमुळे पुस्तकांसाठी कठीण. झडपा बंद ठेवल्या तर हवा कोंडते, उघड्या ठेवल्या तर ओल येते. अशा इमारतीत ग्रंथ सांभाळणारी माणसं दर पावसाळ्यात ही कसरत करतात, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

इथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. या संग्रहातली सगळ्यात जुनी पुस्तकं सगळ्यात नाजूक असतील असं आपण धरून चालतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद बहुतेक चिंध्यांपासून, म्हणजे सुती-तागी धाग्यांपासून बनायचा. तो चिवट असतो. त्यानंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, आणि त्याला तुरटी-राळेची खळ दिली जाऊ लागली. त्यातून हळूहळू आम्ल तयार होतं आणि कागद आतून जळावा तसा पिवळा, मग तपकिरी, मग ठिसूळ होतो. त्यामुळे १७९०चा ग्रंथ सहज चाळता येतो आणि १९१०चं वर्तमानपत्र बोट लावताच तुटतं, असं कुठल्याही जुन्या ग्रंथालयात दिसतं.

कपाटांत काय आहे

एशियाटिकच्या संग्रहात लाखाहून अधिक ग्रंथ आहेत, संस्कृत, प्राकृत, फारसी अशा भाषांतली तीन हजारांच्या आसपास हस्तलिखितं आहेत, नाणी आहेत. महाभारताच्या आरण्यकपर्वाची १५१६ सालची सचित्र पोथी आहे. इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्याची चौदाव्या शतकातली हस्तलिखित प्रत आहे. ती एल्फिन्स्टन यांनी दिलेली. नालासोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडलेले करंडकही या संस्थेकडे आहेत. आणि भांडारकरांपासून काण्यांपर्यंत ज्यांनी इथल्या टेबलांवर वर्षं घालवली त्यांची नावं आहेत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचं धर्मशास्त्राच्या इतिहासावरचं पाच खंडांचं काम १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झालं. त्यांना १९६३ साली भारतरत्न मिळालं.

या टेबलांपर्यंत आपल्या माणसांना पोचायला वेळ लागला, हेही सांगायलाच हवं. सोसायटी निघाली १८०४ला. पहिले हिंदी सभासद माणकजी करसेटजी घेतले गेले ते १८४० साली. या देशाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत या देशाच्या माणसाला छत्तीस वर्षं जागा नव्हती. डॉ. भाऊ दाजी लाड, विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्या पिढीने नंतर हे चित्र बदललं, आणि १८९२ साली न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले हिंदी अध्यक्ष झाले.

आज या छपराखाली प्रत्यक्षात दोन ग्रंथालयं आहेत, आणि नवख्या वाचकाचा इथे हमखास गोंधळ होतो. एक एशियाटिक सोसायटीचं. ती खासगी संस्था आहे आणि तिचं सभासदत्व घ्यावं लागतं. दुसरं राज्य सरकारचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारने सोसायटीच्याच ग्रंथालयाला मध्यवर्ती ग्रंथालयाचा मान दिला होता. १९९४ साली सरकारने तो विभाग वेगळा करून स्वतःकडे घेतला. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने चार ग्रंथालयांना पाठवायची असं १९५४चा कायदा सांगतो. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि चौथं मुंबईचं हे. तुम्ही कधी एखादं पुस्तक छापलं असेल, तर त्याची हक्काची जागा टाउन हॉलमध्येही आहे.

दरबार हॉलमध्ये आता व्याख्यानं होतात. ठिसूळ झालेल्या पुस्तकांची, नकाशांची आणि वर्तमानपत्रांची छायाचित्रं काढून सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’ या नावाने ती इंटरनेटवर ठेवायला सुरुवात केली आहे. १८२०च्या दशकात इंजिनिअरांनी ओलीपासून वाचवायला मजला तीस पायऱ्या वर उचलला, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या वाचकाचा विचार कुणी केला नव्हता. त्या वाचकाला यातली काही पानं आता घरबसल्या उघडता येतात.